व्हॅक्यूम क्लीनरचा ब्रश रोलर काढणे आणि साफ करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मशीनला रोलर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

पुढचं तोंड उलटं करून पाहा. आत आडवी दांडी असेल, तिच्यावर तिरक्या ओळीत ब्रशचे केस किंवा रबरी पाती बसवलेली असतील आणि बोटाने ढकलल्यावर ती फिरत असेल, तर तो रोलर. नुसत्या दोन कडांना ब्रशच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतील आणि फिरणारं काहीच नसेल, तर तुमच्या मशीनला रोलर नाही. जमिनीवर डबा ठेवून लांब पाइपने साफ करायच्या साध्या मशीनला तो बहुधा नसतोच. उभी मशीन, काठीसारखी कॉर्डलेस मशीन आणि रोबोट यांना बहुधा असतो.

डबेवाल्या मशीनबरोबर कधी कधी टर्बो ब्रश मिळतो. त्याच्यात मोटर नसते. आत खेचल्या जाणाऱ्या हवेवर एक छोटा पंखा फिरतो आणि तो रोलरला फिरवतो. म्हणून डब्यातली पिशवी भरली किंवा पाइप तुंबला की हा रोलर सगळ्यात आधी थांबतो. तो थांबला तर रोलर उघडण्याआधी पिशवी, फिल्टर आणि पाइप बघा.

मशीन हवा चांगली ओढतंय. मग रोलर साफ करायची काय गरज?

हवा ओढणं आणि रोलर फिरणं ही दोन वेगळी कामं आहेत. सतरंजीच्या विणीत बसलेली माती नुसत्या हवेने निघत नाही. ती आधी झटकून वर आणावी लागते आणि ते काम रोलरचं. रोलर अडखळत असेल तर मशीनचा आवाज जोरात येतो, पण माती आहे तिथेच राहते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रोलरच्या मधोमध गुंडाळलेले केस डोळ्यांना दिसतात, म्हणून बहुतेक घरांत तेवढेच कापले जातात. खरं नुकसान करतात ते दोन्ही टोकांचे केस. फिरता फिरता केस कडेला सरकतात आणि दांडी व टोकाच्या टोपीमधल्या फटीत शिरतात. तिथे घट्ट कडं तयार होतं. ते घासून गरम होतं, टोपीचं प्लास्टिक मऊ पडतं आणि भोक गोल राहायचं सोडून लांबुळकं होतं. मग रोलर डुलायला लागतो, बेल्टवर (मोटरवरून रोलर फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर) ताण येतो आणि मोटर तापून बंद पडते. दुरुस्तीला जाणाऱ्या मशीनमध्ये मूळ दोष मोटरचा नसून या टोकाच्या कड्याचा असू शकतो. पुढची सगळी उत्तरं वाचायला वेळ नसेल तर एवढं करा : दर वेळी दोन्ही टोकं उघडून बघा.

किती दिवसांनी साफ करायचा?

घरात दोन-तीन जणींचे केस लांब असतील किंवा कुत्रं-मांजर असेल, तर आठवड्याला एकदा. नाहीतर महिन्याला एकदा पुरतं. रोबोट रोज फिरत असेल तर त्याचा रोलर आठवड्याला बघाच, कारण त्याची मोटर लहान असते आणि थोड्या केसांनीही दमते. एप्रिल-मे महिन्यांत धुरळा उठतो तेव्हा, कापूस वेचणीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या झाडलोटीनंतर एक फेरी जास्तीची करा.

काढण्याआधी काय काळजी घ्यायची?

वायरवालं मशीन असेल तर प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. आपल्याकडे याचं खास कारण आहे. काम चालू असताना लाईट जाते, मशीन थांबतं, बटण चालूच राहतं आणि ‘लाईट येईपर्यंत रोलर तरी साफ करून घेऊ’ म्हणून माणूस तोंड उलटं करून बसतो. लाईट सांगून येत नाही. बोटं ब्रशमध्ये असताना रोलर फिरला तर नख उखडतं, आणि हातात कात्री असेल तर त्याहून वाईट.

कॉर्डलेस मशीनची बॅटरी निघत असेल तर काढून ठेवा. निघत नसेल तर पुढचं तोंड नळीपासून वेगळं करा, म्हणजे त्याला करंटच मिळणार नाही. रोबोट चार्जरवरून उतरवा आणि मुख्य बटण बंद करा. तो उलटा असताना बटणाला चुकून हात लागला तरी चाकं आणि ब्रश फिरू शकतात.

कोणती हत्यारं लागतात?

छोटी टोकदार कात्री, शिलाई उसवायचं हत्यार (शिंप्याकडचं, दोन टोकांचं, मधे धार असलेलं), चिमटा, जुना टूथब्रश, चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, सुकं फडकं आणि खाली अंथरायला जुना पेपर. दाढीचं ब्लेड वापरू नका. ते घसरून ब्रशचे केस मुळासकट कापतं आणि बोटही कापतं.

रोलर बाहेर कसा काढायचा?

मशीन कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ते ठरतं.

*कॉर्डलेस काठीमशीन :* तोंड उलटं करा. एका कडेला गोल झाकण आणि त्यावर आडवी खाच दिसेल. बहुतेक वेळा शेजारी उघड्या आणि बंद कुलपाचं चित्र असतं. खाचेत नाणं घालून उघड्या कुलपाकडे फिरवा. साधारण पाव फेरा पुरतो. झाकण निघालं की रोलर त्याच बाजूने सरळ बाहेर ओढा. काही मशीनमध्ये नाण्याऐवजी सरकती खिट्टी असते.

*रोबोट :* तो उलटा ठेवल्यावर त्याच्या वरच्या बाजूला चरे पडू नयेत म्हणून खाली टॉवेल अंथरा आणि उलटा करा. मधल्या ब्रशवर जाळीसारखं झाकण असतं, दोन खिट्ट्या दाबल्या की ते उचलतं. रोलरचं आधी बेरिंगकडचं (मोटर नसलेल्या बाजूचं) टोक वर उचला, मग चौकोनी किंवा षटकोनी टोक मोटरच्या खाचेतून ओढून काढा. कोपऱ्यातला तीन पायांचा ब्रश एका स्क्रूवर असतो किंवा नुसता दाबून बसवलेला असतो. त्याच्या बुडाशी केसांची गोळी हमखास सापडते. पुढचं छोटं चाकही ओढून काढून बघा. रोबोट वळताना अडखळत असेल तर दोष बऱ्याचदा त्या चाकाच्या दांडीवरच्या केसांचा असतो.

*बेल्टवालं उभं मशीन :* खालची पत्र्याची किंवा प्लास्टिकची पाटी स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू काढताना कोणता कुठला ते लक्षात ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असू शकते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर प्लास्टिक फाटतं. पाटी निघाल्यावर रोलरची दोन्ही टोकं खाचेतून वर उचला आणि शेवटी बेल्ट सोडवा. सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. बेल्ट कोणत्या बाजूला होता, पिळा होता की सरळ, हे दहा मिनिटांनी आठवत नाही.

झाकण फिरेना गेलंय. जोर लावू का?

नको. खाचेत धुरळा बसून झाकण घट्ट होतं. सुक्या टूथब्रशने खाच आणि कडा झाडा, रोलर हाताने थोडा मागे-पुढे फिरवा, म्हणजे आतल्या केसांचा ताण सैल होतो, मग पुन्हा प्रयत्न करा. पकडीने पिळलं तर खाचच तुटते आणि नंतर ते झाकण कोणालाच निघत नाही.

गुंतवळ काढायची नीट पद्धत कोणती?

आधी रोलर नीट बघा. बऱ्याच रोलरवर ब्रशच्या दोन ओळींच्या मधे एक सरळ किंवा तिरकी चर असते. ती कापण्यासाठीच दिलेली असते. कात्रीचं एक पातं त्या चरीत घाला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापत जा. चर नसेल तर दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने उसवायचं हत्यार केसांखाली सारून, धार वरच्या दिशेला ठेवून उचला. धार ब्रशच्या केसांकडे वळवू नका.

कापलेली गुंतवळ चिमट्याने धरून, केस ज्या दिशेने गुंडाळले आहेत त्याच्या उलट दिशेने सोडवा. सरळ वर ओढली तर ब्रशचे केसही मुळातून निघतात. एकदा गेलेला झुपका परत येत नाही आणि ती जागा सतरंजीवर पट्ट्यासारखी न झाडलेली राहते. मेणबत्तीने किंवा लायटरने केस जाळायची एक युक्ती फिरत असते. ती करू नका, कारण ब्रशचे केस नायलॉनचे असतात आणि ते आधी वितळतात.

मधला भाग मोकळा झाला की टोकांकडे या. टोपी ओढून किंवा अर्धा फेरा फिरवून निघते का ते बघा. निघाली तर आतलं कडं एका जागी कापा, ते वॉशरसारखं अख्खं निघतं. काळं, चकचकीत आणि कडक झालेलं कडं दिसलं तर समजा केस घासून गरम व्हायला लागले होते. टोपी निघणारी नसेल तर चिमट्याचं टोक फटीत घालून केसाचं एक टोक पकडा आणि रोलर हळूहळू फिरवत सोडवा. वेळ लागतो, पण हाच भाग सोडायचा नाही. मोटरच्या बाजूची खाचही बघा. तिथे आत गेलेले केस पुढे गिअरमध्ये शिरतात.

   

काठपदराचे धागे, कापूस, काळी माती : यांचं वेगळं काही करावं लागतं का?

हो, तिन्हींचं वेगवेगळं.

जरीचे आणि रेशमाचे धागे सहज तुटत नाहीत. पैठणीचा किंवा दुसऱ्या जरीकाठाचा निघालेला धागा रोलरवर गेला की तो ब्रशच्या केसांना पिळा घालून बसतो. ओढू नका, दर एक-दोन सेंटिमीटरवर कापूनच काढा.

कापसाचे तंतू उलट मऊ असतात. ते गुंडाळत नाहीत, ब्रशच्या मुळाशी नमद्यासारखे थापले जातात आणि ब्रश जाड असूनही झाडत नाही. ते कात्रीने निघत नाहीत. दाट दातांचा जुना कंगवा मुळापासून टोकाकडे चालवा. जिनिंगजवळच्या गावांत आणि घरात कापूस साठवलेल्या दिवसांत हे नेहमीचंच.

काळ्या मातीचा स्वभाव असा की ओली झाली की फुगून चिकटते आणि वाळली की आकसून तडकते. आपल्याला हा तडकणाराच गुण उपयोगी पडतो. चपलेबरोबर आलेला चिखल रोलरवर बसला असेल तर लगेच पाणी मारू नका. पूर्ण वाळू द्या, रोलर पेपरवर हलक्या हाताने आपटा आणि सुक्या टूथब्रशने झाडा. ओल्यातच घासलं तर ती माती लोण्यासारखी टोपीच्या फटीत जाते, तिथे वाळते आणि बेरिंगला खाते. माळवदाच्या घरात छतावरून गळणाऱ्या मातीलाही हेच लागू. तिथे एवढंच करा की आधी फड्याने (झाडूने) मोठे खडे नि ढेकळं काढून घ्या.

रोलर पाण्याने धुता येतो का?

मऊ, मखमलीसारखा रोलर आणि ओलं पुसणाऱ्या मशीनचा रोलर साधारणपणे धुता येतो. ब्रशचे केस असलेला रोलर धुवायचा की नाही, हे माहितीपुस्तिकेत बघा. तिथे धुवा असं लिहिलेलं नसेल तर सुकाच साफ करा. लाकडी दांडीचा रोलर कधीच भिजवायचा नाही, दांडी फुगून वाकडी होते. आणि ज्या तोंडात मोटर किंवा तारा आहेत, ते नळाखाली धरू नका. फडकं घट्ट पिळून पुसा.

धुता येण्यासारखा असेल तर आधी केस काढा, मग धुवा. उलट केलं तर ओले केस आवळतात. कोमट किंवा साधं पाणी, तांब्या-दोन तांबे पुरतं. २०१६ साली रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको, पण नळ सोडून त्याखाली रोलर धरून बसायची काहीच गरज नाही. साबण लावलाच तर थेंबभर, कारण उरलेला साबण धूळ धरून ठेवतो. धुतल्यावर हाताने दाबून पाणी काढा, पिळू नका.

वाळायला किती वेळ ठेवायचा?

किमान २४ तास, उभा करून, हवेशीर सावलीत. मे महिन्यात वरून तासाभरात कोरडा लागतो, त्यावर जाऊ नका. पाणी रोलरच्या आतल्या पोकळीत असतं. उन्हात गच्चीवरही ठेवू नका, ४०-४२ अंशांत तापलेल्या फरशीवर प्लास्टिकची दांडी आणि रबर वाकतं. श्रावणातल्या झडीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा. ओलसर रोलर बसवला तर धुळीचा चिखल होतो आणि कुबट वास येतो.

बोअरच्या पाण्याने धुतल्यावर पांढरं पडतंय, कडक होतंय.

ते क्षार आहेत. शेवटचं पाणी पिण्याच्या आरओ फिल्टरचं (क्षार काढणाऱ्या) वापरा, एक तांब्या. ओलं पुसणाऱ्या मशीनच्या टाकीतही तेच भरलेलं बरं. आधीच कडक झालेला मऊ रोलर वाळल्यावर टूथब्रशने तंतू उभे करत घासा.

दोन्ही टोकांना तेल घालू का?

खायचं तेल, मग ते करडईचं असो की शेंगदाण्याचं, अजिबात नाही. ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसून राळ तयार होते. बंद बेरिंगला कुठलंच तेल लागत नाही, प्लास्टिकच्या बुशलाही (दांडीचं टोक ज्यात फिरतं त्या छोट्या नळीलाही) नाही. पितळेचा किंवा लोखंडी बुश असेल आणि माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल, तरच शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. वरून ओघळलेलं पुसून घ्या, बेल्टला तेल लागलं तर तो घसरतो.

परत बसवताना काय चुकतं?

मोटरकडचं टोक खाचेत पूर्ण बसण्याआधीच झाकण लावलं जातं. रोलर किंचित फिरवत आत ढकला, खाच जुळली की तो दोन-तीन मिलिमीटर आत ‘बसतो’ आणि हाताला कळतं. मग झाकण बंद कुलपाकडे फिरवा. झाकण बसत नसेल तर झाकणाचा दोष नाही, रोलर आत गेलेला नाही.

बेल्टच्या मशीनमध्ये बेल्ट आधी मोटरच्या दांडीवर, मग रोलरच्या खोबणीत घाला. टोकं खाचेत बसवून हाताने पाच-सहा फेरे फिरवा. बेल्ट खोबणीच्या मधोमध राहिला पाहिजे, कडेला सरकला तर पुन्हा काढा. पाटी लावल्यावर रोलर हाताने मोकळा फिरतो का, हे बघूनच प्लग लावा.

साफ केला, तरी फिरेना.

या क्रमाने बघा. आधी बटण : बऱ्याच मशीनमध्ये फरशीसाठी रोलर बंद ठेवायचं बटण असतं आणि साफ करताना ते दाबलं जातं. मग पाटीत किंवा तोंडात रिसेटचं छोटं बटण आहे का पाहा. जास्त ताण आल्यावर ते उडतं. प्लग काढून अर्धा-एक तास थंड होऊ द्या आणि दाबा. काठीमशीनमध्ये तोंड आणि नळी जोडतात तिथल्या पितळी पिना सुक्या फडक्याने पुसा, धुळीने तिथला संपर्क तुटतो. बेल्टवालं असेल तर बेल्ट तुटला, सैल झाला किंवा मोटरच्या दांडीवरून निसटला आहे का बघा.

रोलर रिकामा फिरतो आणि सतरंजीवर टेकला की थांबतो? हा सैल बेल्ट किंवा कमी बॅटरी. वायरवाल्या मशीनमध्ये संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावरही असं होतं. दिवसा व्होल्टेज चांगलं असताना एकदा चालवून बघा, मग पार्ट मागवा.

आवाजावरून दोष कळतो का?

बराचसा. टकटक म्हणजे खडा, पिन किंवा बांगडीचा तुकडा ब्रशमध्ये अडकलाय. बारीक चिरका आवाज म्हणजे टोकाच्या टोपीत केस. सतत घरघर आणि हाताने फिरवल्यावरही खरखर लागली तर बेरिंग गेलं. जळलेल्या रबराचा वास म्हणजे रोलर अडकलाय आणि मोटर बेल्टमध्ये नुसतीच फिरतेय. ताबडतोब बंद करा, थोड्या वेळातही बेल्टला खळगा पडू शकतो.

बेल्ट, रोलर आणि बेरिंग कधी बदलायचं?

सपाट रबरी बेल्ट ताणून सैल झाला, चकचकीत दिसू लागला किंवा कडेला भेगा पडल्या की बदला. दातेरी बेल्ट बराच टिकतो, दात झिजले किंवा तो तुटला तरच जातो. रोबोटचा रोलर रोजच्या वापरात ६ ते १२ महिन्यांत बदलायला येतो, कोपऱ्यातला ब्रश त्याआधी.

ब्रश झिजलाय का हे बघायची सोपी चाचणी : रोलर बसवलेला असताना तोंड उलटं करा आणि पाटीवर एखादं जाड कार्ड आडवं ठेवा. रोलर हाताने फिरवल्यावर ब्रशचे केस कार्डाला लागले पाहिजेत. लागत नसतील तर ते जमिनीलाही लागत नाहीत.

पार्ट जवळपास कुठे मिळतात?

रोलर आणि बेल्ट मॉडेल नंबरवरूनच मागवा. नंबर मशीनच्या बुडाच्या स्टिकरवर असतो. बेल्टवरही बऱ्याचदा नंबर छापलेला असतो, म्हणून जुना बेल्ट फेकू नका. बेरिंगसाठी मात्र कंपनीची वाट बघायची गरज नसते. कडेवर कोरलेला नंबर वाचा, जसं ६०८ म्हणजे आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. शेतीच्या मोटरी भरून देणारं दुकान बहुतेक तालुक्यांच्या गावांत असतं, आणि जुनं बेरिंग नेऊन दाखवलं तर अशी चालू मापं बऱ्याचदा तिथेच मिळतात.

गुंतवळ कमी गुंडाळावी म्हणून काही करता येईल का?

‘केस अडकत नाहीत’ असं लिहिलेले रोलर एका टोकाला निमुळते असतात किंवा त्यांच्यासमोर कंगव्यासारखे दात असतात. केस कमी अडकतात, पण निमुळत्या रोलरमध्ये ते एका टोकाला जमतात आणि दातांमध्ये धूळ साचते. ती दोन ठिकाणं काडीने मोकळी करा. बाकी, मोकळे धागे नि केस आधी फड्याने गोळा करा, वेणी-फणी झाल्याबरोबर त्या कोपऱ्यात रोलर फिरवू नका. आणि गोधडीवर, वाकळीवर रोलरचं तोंड लावायचंच नाही. तिथले टाके सुटतात आणि मग दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोलरवर येतो. गोधडीला रोलर नसलेलं छोटं तोंड लावा, तेही एका हाताने कापड ताणून धरून.